वजन जास्त असेल तर लस नीट कशी घ्यावी: दंड, सुई, टायटर आणि ताट

सोलापुरातल्या एका रुग्णालयात लसीकरण कक्ष माझ्याकडे आहे. नर्सिंगच्या मुली, लॅबमधली माणसं, सफाई कामगार, डायलिसिसचे पेशंट, साठी ओलांडलेले मधुमेही, कुत्रं चावून आलेली पोरं, सगळे माझ्याच टेबलापुढे येऊन बसतात. त्यातल्या जाड अंगाच्या माणसांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सिस्टर, आधी जरा वजन उतरवतो, मग घेतो. चालेल ना?"

नाही चालणार. वजन उतरायला महिने जातात, कधी वर्षं जातात, आणि रोग तेवढा थांबत नाही. लठ्ठपणामुळे लसीचं काम थोडं अवघड होतं हे खरं. पण म्हणून लस लांबवायची नसते, ती जास्त काळजीपूर्वक घ्यायची असते. लस योग्य जागी, योग्य खोलीवर पडली, सगळे डोस वेळेवर झाले आणि जिथं गरज आहे तिथं रक्त तपासून खात्री केली, तर वजनदार माणसालाही लसीचं बळ मिळतं. ही काळजी कशी घ्यायची, ते सांगते.

चरबीमुळे लसीचं नेमकं काय होतं

ही गोष्ट पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आली ती हिपॅटायटिस बीच्या लसीमुळे. १९८५ साली अमेरिकेत रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना ही लस दिल्यावर दिसलं की जाड कर्मचाऱ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, कमी तयार झाल्या. तेव्हा ही लस बऱ्याच ठिकाणी कमरेत देत असत. तिथला चरबीचा थर जाड, म्हणून सुई स्नायूपर्यंत पोचतच नव्हती. चरबीत रक्तवाहिन्या कमी असतात, लस तिथंच रेंगाळते, आणि रोगप्रतिकारक पेशींच्या हाती ती पुरेशी लागत नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं ही लस मोठ्यांना दंडातच द्यावी, असं सांगितलं.

दंडात द्यायला लागल्यावर बरीच सुधारणा झाली, पण फरक पूर्ण गेला नाही. पुढे नव्या पद्धतीनं बनवलेली लस आली, तरी वय चाळिशीपुढे, पुरुष, धूम्रपान करणारे आणि लठ्ठ माणसं यांच्यात प्रतिसाद कमी येतो, हे पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. याचा अर्थ सुईची खोली हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं शरीराच्या आत आहे.

चरबी म्हणजे नुसता साठा नाही. ती लेप्टिनसारखी संप्रेरकं सोडते, दाह वाढवणारी रसायनं सोडते, आणि अंगात सतत एक मंद दाह चालू राहतो. दारातलं कुत्रं रात्रंदिवस उगाच भुंकत असलं की खरा चोर आला तरी घरातली माणसं उठत नाहीत, तशी या पेशींची गत होते. लस आल्यावर त्या जाग्या होतात, पण जाग टिकत नाही.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्लूच्या लसीवर बरंच काम झालंय. तिथं दिसलं की लस घेतल्यावर महिनाभरानं लठ्ठ माणसांची प्रतिपिंडं इतरांसारखीच चांगली होती, पण वर्षभरात ती जास्त झपाट्यानं उतरली. २०१७ साली त्यांनीच दाखवलं की लस घेतलेल्या लठ्ठ प्रौढांना, लस घेतलेल्याच योग्य वजनाच्या लोकांच्या मानानं, फ्लू किंवा फ्लूसारखा आजार होण्याचा धोका दुप्पट होता. प्रतिपिंडांचा आकडा दोन्हीकडे सारखा, पण विषाणूनं धरलेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी मात्र मंद.

कोविडमध्येही हेच. केंब्रिज आणि एडिंबराच्या संशोधकांनी २०२३ साली अति लठ्ठ, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) ४० च्या वरच्या लोकांची माहिती प्रसिद्ध केली. दुसऱ्या डोसनंतर सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांत विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं मोजण्याइतकीही उरली नव्हती. योग्य वजनाच्या लोकांत हे प्रमाण १२ टक्के होतं. बूस्टर दिल्यावर मात्र दोघांचीही प्रतिपिंडं पुन्हा वर आली. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकाला मुद्दाम सांगते. शरीर शिकतं, फक्त त्याला उजळणी लवकर लागते.

"मी कुठं जाड आहे?"

हे मला साडी नेसलेल्या, दिसायला बेताच्या बायका विचारतात, आणि पोट सुटलेले पण हातापायानं काटकुळे काकाही विचारतात. आपल्या लोकांच्या बाबतीत नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२ टक्के. त्याच वजनात आपण भारतीय जास्त चरबी बाळगतो, आणि तीही पोटात.

म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. किलोमधलं वजन घ्या, मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो असेल तर बीएमआय येतो ३०. कमरेचा घेर बेंबीच्या पातळीला शिवणाच्या टेपनं मोजा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या वर असेल, तर बीएमआय बरा दिसला तरी स्वतःला याच गटात धरा.

सुईसाठी मात्र बीएमआयपेक्षा साधं वजन आणि दंडाची जाडी कामाची. त्यामुळे लसीला येण्याआधी काट्यावर उभं राहा आणि खरं वजन लक्षात ठेवा. इथं चार किलो कमी सांगून कुणाचं भलं होत नाही.

दंड उघडा कसा करायचा

हा भाग कुणी शिकवत नाही आणि सगळी गडबड इथंच होते, म्हणून सविस्तर लिहिते.

स्नायूत द्यायची लस खांद्याच्या स्नायूत जाते. खांद्याच्या टोकाला बोटानं चाचपलं की एक टणक हाड लागतं. त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडून, दंडाच्या बाहेरच्या अंगाला, स्नायू सगळ्यात भरीव असतो. तिथं टोचायचं. आता घट्ट बाहीचा ब्लाऊज डोळ्यांपुढे आणा. बाही कोपराच्या थोडी वर संपते आणि जाड दंडावर ती काही केल्या वर सरकत नाही. जोर करून वर ओढली की मांस आणि चरबी बाहीच्या काठाखाली गोळा होऊन फुगते. टोचणाऱ्या सिस्टरला त्या फुगीर भागाखेरीज दुसरं काही दिसत नाही, मग सुई जाते ती नेमकी गोळा झालेल्या चरबीत, आणि तीही जागेच्या बरीच खाली. पुरुषांच्या घट्ट फुलशर्टाचंही तेच.

उपाय अगदी सोपा आहे. सैल बाहीचा झंपर किंवा बिनबाह्यांचा कुडता घालून या, वरून ओढणी घ्या. ब्लाऊज घालूनच आलात तर पडद्याआड जा आणि खांदा पूर्ण मोकळा करून द्या. आमच्याकडे पडदा असतो, बहुतेक ठिकाणी असतो, नसेल तर मागा. मावशी लोक संकोचतात, "एवढ्यासाठी कशाला ब्लाऊज काढायचा, इथंच टोच की गं," म्हणतात. मी पडदा ओढते आणि टोचायच्या आधी हाड लागेपर्यंत चाचपते. त्यात अर्धा मिनिट जातो, पण जागा चुकत नाही.

आणि कमरेत नको. "सिस्टर, दंड दुखतो, कमरेत द्या," असं सांगणारे रोज असतात. हिपॅटायटिस बी आणि रेबीज या दोन लसी तर कमरेत देऊच नयेत. तिथं दिल्या तर प्रतिसाद कमी येतो, आणि रेबीजमध्ये कमी प्रतिसादाची किंमत जिवाची असते.

सुई किती लांब

मोठ्या माणसांना स्नायूतल्या लसीसाठी आपल्याकडे सर्रास एक इंची, म्हणजे २५ मिलिमीटरची सुई वापरतात. ७० किलोपर्यंतच्या माणसाला ती पुरते. ७० ते ९० किलोच्या बायकांना आणि ७० ते ११८ किलोच्या पुरुषांना दंड बघून एक किंवा दीड इंची. ९० किलोच्या वरच्या बाईला आणि ११८ च्या वरच्या पुरुषाला दीड इंचीच, म्हणजे ३८ मिलिमीटर. बायकांचा आकडा कमी का, तर त्याच वजनाच्या बाईच्या दंडावर चरबीचा थर पुरुषापेक्षा जाड असतो.

लांब सुईनं खरंच फरक पडतो का? अमेरिकेत लठ्ठ किशोरवयीन मुलांना हिपॅटायटिस बीची लस काहींना एक इंची आणि काहींना दीड इंची सुईनं दिली गेली. २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. दीड इंची सुईच्या मुलांत प्रतिपिंडं जास्त होती. लस तीच, डोस तोच.

टोचताना सुई काटकोनात सरळ आत जायला हवी. जाड दंडाची कातडी चिमटीत धरून वर उचलू नये, त्यानं चरबीच वर येते. अंगठा आणि तर्जनीनं कातडी ताणून सपाट करावी आणि थोडी दाबावी. बारीक माणसाच्या बाबतीत स्नायू चिमटीत धरला तरी चालतो. हे नर्सिंगच्या मुलींना मी हात धरून शिकवते.

इन्सुलिन घेणारे लोक दीड इंची सुई बघून घाबरतात. "माझी पेनची सुई तर एवढीशी, चार मिलिमीटरची," म्हणतात. बरोबर आहे, कारण इन्सुलिन कातडीखालच्या चरबीतच द्यायचं असतं. लसीला चरबी ओलांडून पलीकडे जायचं असतं. दुखण्याचं म्हणाल, तर नीट स्नायूत गेलेली सुई कमी त्रास देते. चरबीत पडलेल्या लसीनंच लाली आणि गाठ जास्त येते.

तुम्ही पेशंट आहात, सुई निवडायचं काम तुमचं नाही, हे कबूल. पण "ताई, माझं वजन पंच्याण्णव आहे, सुई पुरेल ना?" एवढं विचारणं तुमच्या हातात आहे. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही. दीड इंची सुई मेडिकलमध्ये सुटी मिळते. एक अडचण येऊ शकते. काही लसी तयार भरलेल्या सिरिंजमध्ये येतात आणि त्यांची सुई आखूड आणि कायमची जोडलेली असते. वजन जास्त असेल तर लस मागवतानाच सुई बदलता येणारी सिरिंज मागा.

सगळ्याच लसींना ही खोलीची भानगड नसते. गोवर-गालगुंड-रुबेलाची आणि कांजिण्यांची लस कातडीखाली देतात. कुत्रं चावल्यावर सरकारी दवाखान्यात रेबीजची लस बहुधा कातडीतच देतात, दोन ठिकाणी ०.१ मिलिलिटर, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. बरोबर दिली तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक फुगवटा येतो. तिथं दंडावर चरबी किती, याला महत्त्व नाही. वजनाला महत्त्व आहे ते सिरमसाठी, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या औषधासाठी. जखम खोल असेल तर जखमेभोवती जे सिरम टोचतात ते किलोवर ठरतं, माणसाच्या रक्तापासूनचं किलोमागे २० युनिट आणि घोड्याच्या रक्तापासूनचं ४० युनिट. वजन कमी सांगितलं तर डोस कमी पडेल.

डोस पुरे करा, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी टायटर करा

हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला, मग एक महिन्यानं, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. दोन घेऊन गायब होणारे फार. जाड माणसानं तर तिसरा अजिबात सोडू नये, कारण प्रतिपिंडांची मोठी उसळी तिसऱ्याच डोसनंतर येते. मध्ये अंतर वाढलं असेल तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेला डोस येऊन घ्या.

टायटर म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची मोजणी. ती सगळ्यांनी करत सुटू नये, पैसे वाया जातात. पण रुग्णालयात काम करणारे, डायलिसिसवर असलेले, घरात जोडीदाराला हिपॅटायटिस बी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, यांनी करावी. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी. आकडा १० किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण मिळालं.

वेळ महत्त्वाची आहे. कुणी आठ-दहा वर्षांनी टायटर करतं, ४-५ आकडा बघतं आणि घाबरतं. निरोगी माणसात काळाबरोबर आकडा उतरतो, पण शरीराची आठवण शिल्लक असते. अशा वेळी एक डोस घेऊन महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आकडा वर आला की काम झालं.

आणि वेळेवर तपासूनही १० च्या खाली आला तर? आमच्या नर्सिंगच्या एका मुलीचं असं झालं होतं. मूळची अक्कलकोटकडची, अंगानं भरलेली, वजन शंभरीला टेकलेलं. रिपोर्ट हातात घेऊन रडत आली, "मॅडम, माझ्या अंगात काही चढतच नाही का?" तिचे आधीचे डोस दुसरीकडे झाले होते, एक इंची सुईनं. आम्ही तिला तीन डोसची पूर्ण फेरी पुन्हा दिली, दीड इंची सुईनं, पडद्याआड खांदा मोकळा करून. नंतरचा रिपोर्ट शंभराच्या पुढे आला. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, पण पहिल्या फेरीत न आलेल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या फेरीत प्रतिसाद येतो. दुसऱ्या फेरीनंतरही नाहीच आला, तर हिपॅटायटिस बीची लागण आधीच नाही ना, हे तपासून घ्यायचं आणि कार्डावर ठळक लिहून ठेवायचं. उद्या काम करताना रुग्णाची वापरलेली सुई टोचली तर अशा माणसाला इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन लगेच लागतं. ही माहिती त्या क्षणी हाताशी असणं फार मोलाचं आहे.

मधुमेह असेल तर आणखी एक. घरात, शेजारीपाजारी एकच साखर तपासायचं यंत्र फिरतं, आणि बोटाला टोचायची सुई बदलली तरी पेन तेच राहतं. त्यावरच्या रक्तातून हिपॅटायटिस बी पसरतो. लस घ्या आणि पेनही स्वतःचं ठेवा.

फ्लूची लस: पावसाच्या आधी

२००९ साली स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्याच साथीत जगभरच्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं की लठ्ठपणा हाच फ्लू गंभीर होण्याचं एक स्वतंत्र कारण आहे. म्हणजे ज्यांची लस लवकर उतरते, त्यांनाच आजार जास्त जड जातो. म्हणून मी माझ्या जाड आणि मधुमेही पेशंटना फ्लूच्या लसीसाठी मागे लागून बोलावते.

आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. लस कामाला लागायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा मे महिन्यात, आंबे चालू असतानाच घेऊन टाका. गेल्या दिवाळीत घेतली होती म्हणून यंदाचा पावसाळा निघेल, असं वजन जास्त असणाऱ्यांनी धरून चालू नये. दर वर्षी घ्या. साठीपुढच्यांनी न्यूमोनियाच्या लसीचंही डॉक्टरांना विचारा.

ताटात काय हवं

लस घेतल्यावर काय खायचं, यापेक्षा लस घ्यायच्या आधीचे तीन-चार महिने काय खाल्लं, हे महत्त्वाचं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ६५ ते ८५ वर्षांच्या, फळं-भाज्या फार कमी खाणाऱ्या लोकांचे दोन गट केले होते. एक गट आधीसारखाच, दिवसाला दोन किंवा त्याहून कमी वाटे. दुसऱ्यानं १६ आठवडे दिवसाला किमान पाच वाटे फळं-भाज्या खाल्ल्या. बाराव्या आठवड्यात दोन्ही गटांना न्यूमोनियाची लस दिली. २०१२ साली आलेल्या निष्कर्षात पाच वाटेवाल्यांचा प्रतिसाद चांगला होता. कुठली पावडर नाही, कुठला काढा नाही, नुसती भाजी आणि फळं.

आमच्या भागातलं ताट मला चांगलं ठाऊक आहे. ज्वारीची भाकरी उत्तम, शेंगाचटणी उत्तम. पण भाजी चमचाभर आणि डाळ पातळ. म्हाताऱ्या माणसांचं तर आणखी वाईट: सकाळी चहा-खारी, दुपारी आमटीत कुस्करलेली अर्धी भाकरी, रात्री दूधभात. अशा आजीचं वजन ८० किलो असतं आणि अंगात प्रथिनांची चणचण असते. जाड दिसणारं माणूस खाऊनपिऊन सुखी असेल, हा समज सोडून द्या. प्रतिपिंडं स्वतःच प्रथिनं असतात, अंगाला कच्चा माल मिळाला नाही तर ती बनणार कशी?

दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, असा आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब आहे. तो उंचीला साजेशा वजनावर धरायचा, वाढलेल्या वजनावर नाही. साधारण ५५ किलो धरले तर ४६ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात सहा-सात ग्रॅम, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम. दोन वेळा घट्ट वरण किंवा मटकी, हुलगा, हरभऱ्याची उसळ, एक अंडं किंवा दही, आणि भाकरी, एवढ्यात हिशोब बसतो. मांसाहारी घरात आठवड्यातून दोनदा मासे किंवा चिकन रस्सा, तेलाचा तवंग काढून.

भाज्या म्हणजे मेथी, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला, भोपळा, गाजर. फळ म्हणजे पेरू, पपई, बोरं, आवळा, जे बाजारात स्वस्त ते. सगळं मिळून दिवसाला ४०० ग्रॅम तरी. बटाटा यात धरू नका. निम्मं ताट भाज्या-फळांचं झालं की भात-भाकरी आपोआप कमी होते आणि वजनही सावकाश उतरायला लागतं. लसीच्या तोंडावर एकदम उपाशी राहून वजन पाडायचा नाद मात्र करू नका. त्यात स्नायू आधी झडतो.

उपवासाचं नेहमी विचारतात. उपवासाच्या दिवशी लस घेतली म्हणून ती फुकट जात नाही. पण निरंकार उपवास करून रांगेत उभं राहिलात तर चक्कर येईल. त्या दिवशी नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, शेंगदाणे, ताक, केळं खाऊन या. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसून राहा.

पथ्याचं तर पेव फुटलेलं असतं. कुत्रं चावलं की वांगं बंद, मटण बंद, आंबट बंद, कुठं कुठं तर तेल आणि मीठही बंद. पोर आधीच घाबरलेलं, त्यात त्याला कोरडी भाकरी. रेबीजच्या लसीला असलं कुठलंही पथ्य नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, त्यावर हळद, चुना, चटणी काही लावू नका, आणि पोराला पोटभर जेवू घाला. दारू मात्र या काळात लांब ठेवा.

चालण्याबद्दल एक आवडीची गोष्ट. आयोवा स्टेट विद्यापीठानं २०२२ साली दाखवलं की फ्लू किंवा कोविडची लस घेतल्याबरोबर दीड तास बेताच्या वेगानं सायकल चालवली किंवा चाललं, तर पुढच्या चार आठवड्यांत प्रतिपिंडं जास्त वाढली. त्यातले जवळपास निम्मे लोक जास्त वजनाचे होते. पाऊण तासानं तो फरक पडला नाही. गुडघे साथ देत असतील आणि चक्कर नसेल, तर पंधरा मिनिटं बसून झाल्यावर सिद्धेश्वर तलावाला चार चकरा मारायला काय हरकत आहे?

घरात बारीक मूल असेल तर

जास्त वजनासारखीच अन्नाची चणचणही लसीला नडते. पण कुपोषित मुलाची लस "अंगानं भरला की देऊ" म्हणून लांबवणं हे सगळ्यात घातक. अशा मुलाला गोवर झाला तर तो जिवावर बेततो, म्हणून त्याला लस आधी. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस मिळतो, एक लाख युनिटचा. मग सोळा ते अठराव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा, पाच वर्षांपर्यंत. अंगणवाडीतला तो चमचा चुकवू नका.

तोंडावाटे द्यायच्या लसींचं गणित वेगळं. आतड्यात सारखे जंतू, जुलाब आणि कुपोषण असलं की पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या थेंबांचा जोर कमी पडतो. भारतात बनलेल्या रोटाव्हायरसच्या लसीनं पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबापासून ५६ टक्के संरक्षण दिलं. श्रीमंत देशांत अशा लसींचं प्रमाण बरंच वर असतं. तरी ५६ टक्के म्हणजे कितीतरी मुलं सलाइनपासून वाचतात. थेंबांच्या आधी-नंतर अंगावर पाजायला काही बंदी नाही, पाजत राहा. हात धुणं आणि पाणी उकळणं हे या लसीचंच अर्धं काम आहे असं समजा.

कार्डावर काय लिहून घ्यायचं

तारीख आणि लसीचं नाव सगळेच लिहितात. वजन जास्त असणाऱ्यांनी आणखी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: बॅच नंबर, कुठला दंड, सुई एक इंची की दीड इंची, आणि त्या दिवशीचं वजन. टायटर केला असेल तर आकडा आणि शेवटच्या डोसनंतर किती आठवड्यांनी केला, ते. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या एका माणसाला पाठवून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात, दुसऱ्या सिस्टरपुढे बसलात, तर दंड उघडा करायच्या आधी तिला तो फोटो दाखवा.